अस्थिगत रोगचिन्हे आणि प्राचीन समाजाचे आरोग्य : वैद्याने काय वाचावे, काय वाचू नये

"पूर्वीची माणसे निरोगी होती, रोग आत्ताच वाढले" हे वाक्य रुग्णाच्या तोंडून आपण नित्य ऐकतो. तेच वाक्य किंचित अलंकृत होऊन औषधांच्या माहितीपत्रकांवर छापले जाते आणि व्याख्यानांतूनही उच्चारले जाते. वस्तुतः आपल्या संहितांनी असे कोठेही म्हटलेले नाही. चरकसंहितेचा आरंभच मुळी रोगांमुळे प्राणिमात्रांच्या धर्मसाधनेत विघ्न उत्पन्न झाले आणि त्यावर विचार करण्यासाठी महर्षी हिमालयाच्या पार्श्वभागी एकत्र आले, या निवेदनाने होतो. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय तर संपूर्ण प्रदेश एकाच व्याधीने उद्ध्वस्त कसा होतो याचेच विवेचन करतो. रोग नसते तर शास्त्र कशासाठी निर्माण झाले असते?

तथापि संहितेतील वचन हा आप्तोपदेश होय. चार प्रमाणांपैकी प्रत्यक्षाचा विचार करावयाचा झाल्यास तीन-चार हजार वर्षांपूर्वीचा रुग्ण आज प्रत्यक्ष पाहता येईल काय? मर्यादित अर्थाने येतो. पुरातत्त्वीय उत्खननात मिळालेल्या मानवी अस्थी व दंत यांवरून प्राचीन समाजातील रोग आणि आघात यांचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र शास्त्र आहे. इंग्रजीत त्यास पॅलिओपॅथॉलॉजी म्हणतात. आपण त्यास पुरारोगविज्ञान म्हणू. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्क आर्मांड रफर या वैद्यकाने इजिप्तमधील ममींचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून १९१० साली त्यांच्या वृक्कांत रक्तमूत्र उत्पन्न करणाऱ्या कृमींची अंडी दाखविली, तेव्हापासून या शास्त्राचा बोलबाला झाला. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या विषयात दीर्घकाळ मोलाचे कार्य केले आहे. या कार्यातून वैद्यवर्गाने आणि औषधालयचालकांनी काय घ्यावे, आणि मुख्यतः काय घेऊ नये, याचे दिग्दर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

न बोलणारा रुग्ण

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपणांस परिचित आहे. अस्थिरूप रुग्णाच्या बाबतीत पहिल्या दोन परीक्षा शक्य आहेत, तिसरी नाही. वेदना कोठे होती, केव्हापासून होती, ज्वर होता काय, आहार कोणता होता, हे विचारता येत नाही. ज्या व्याधींनी अस्थिधातूला स्पर्शच केला नाही, त्यांचा मागमूसही सहसा उरत नाही. विसूचिका, सन्निपातज्वर, मसूरिका, सर्पदंश यांनी दोन-चार दिवसांत दगावलेल्या मनुष्याचा सांगाडा पूर्ण निर्दोष दिसू शकतो. अस्थीवर खूण उमटण्यास व्याधी जीर्ण व्हावी लागते, रुग्ण तेवढा काळ जगावा लागतो. जंतूंची जनुकीय द्रव्ये दंतगाभ्यातून मिळविण्याची पद्धती अलीकडे विकसित झाली आहे. परंतु आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात ती द्रव्ये फार लवकर नष्ट होतात.

अस्थींच्या प्रत्यक्ष अभ्यासाची परंपरा आपल्याला परकी नाही. सुश्रुताने शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात शव वाहत्या पाण्यात ठेवून, सात रात्रींनंतर ते कुजले म्हणजे वाळा, वेणू आदींच्या कुंचल्याने हळूहळू घासून अंगप्रत्यंगे डोळ्यांनी पाहावीत, असा विधी सांगितला आहे. त्याच अध्यायात शल्यतंत्राच्या मते अस्थी ३०० आणि वेदवादींच्या मते ३६० असा भेदही नोंदविला आहे. आधुनिक गणना २०६ आहे. दंत व तरुणास्थी यांचा समावेश आपल्याकडे केल्यामुळे हा फरक बऱ्याच अंशी पडतो. गणनेच्या वादापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, शास्त्रज्ञान आणि प्रत्यक्ष दर्शन यांचा मेळ घालावा असा सुश्रुताचा आग्रह आहे. पुरारोगविज्ञानास सामोरे जाताना हाच आग्रह आपण धरावयास हवा.

आघात केव्हाचा?

अस्थीवर भग्नाची खूण दिसली की अभ्यासकाचा पहिला प्रश्न असतो : हा आघात मृत्यूपूर्वीचा, मृत्यूसमयीचा की मृत्यूनंतरचा? जिवंत अस्थी भग्न झाल्यास काही आठवड्यांतच तेथे नवास्थीचा गोळा बनू लागतो व भग्नाच्या कडा गोलसर होतात. मृत्यूसमयीच्या भग्नात अस्थी अजून ओलसर असल्याने ती लवून, तिरकी व धारदार कडेने तुटते, पण रोपणाचे चिन्ह नसते. शेकडो वर्षे पुरलेली शुष्क अस्थी मजुराच्या पहारीने तुटल्यास ती खडूसारखी ठिसूळ तुटते आणि तुटलेल्या जागेचा रंग उर्वरित पृष्ठभागाहून फिका दिसतो.

सुश्रुताने निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात कांडभग्नाचे बारा व संधिमुक्ताचे सहा प्रकार सांगितले आहेत; तरुणास्थी लवतात, नलकास्थी तुटतात, कपालास्थी फुटतात व रुचक म्हणजे दंत भेगाळतात, हा अस्थिप्रकारानुसारचा भेदही दिला आहे. चिकित्सास्थानात संधानास लागणारा काळ बाल्यात एक महिना, मध्यम वयात दोन व उत्तरवयात तीन महिने असा दिला आहे. उत्खननातील एखादी जंघास्थी सरळ व आखूड न होता सांधलेली आढळली, तर "पाहा, त्या काळी कुशाबंधन होते" असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि जंघेत व प्रकोष्ठात दोन-दोन अस्थी असतात. त्यांतील एकच भग्न झाल्यास दुसरी आपोआप कुशेचे कार्य करते आणि वैद्याच्या साहाय्यावाचूनही अस्थी सरळ सांधते. ऊर्वस्थीचे भग्न मात्र स्नायूंच्या ओढीमुळे सहसा आखूड होऊन सांधते. तेथे सरळ संधान आढळल्यास कोणीतरी आकर्षण व बंधन केले असण्याचा तर्क अधिक बळकट ठरतो. एकाच खुणेवरून चिकित्सा सिद्ध करण्याआधी असा विचार करावा लागतो.

या विवेकाचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातील इनामगावचे आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी ही नावे या कार्याशी निगडित आहेत. तेथील प्रौढांचे सांगाडे घरांच्या जमिनीखाली उत्तरेकडे डोके करून पुरलेले आढळले आणि पुष्कळांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. हा रोग की शस्त्रकर्म? तोडलेल्या जागी रोपणाचे कोणतेही चिन्ह नाही. म्हणून हा मृत्यूनंतरचा अंत्यविधी होय, असा निष्कर्ष निघतो. मृताने घर सोडून जाऊ नये ही त्यामागील भावना असावी, असे अभ्यासकांनी सुचविले आहे. तो तर्क मान्य असो वा नसो, त्यास व्याधी किंवा शस्त्रकर्म म्हणता येत नाही हे निश्चित.

याच्या उलट उदाहरण बलुचिस्तानातील मेहरगढचे. तेथील नऊ व्यक्तींच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाच्या सामत्याने छिद्रे पाडलेली असल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. काळ आजपासून सुमारे ९००० ते ७५०० वर्षांपूर्वीचा. या छिद्रांच्या कडा नंतरच्या चर्वणाने झिजलेल्या आहेत. म्हणजे छिद्र पाडल्यावर ती माणसे जिवंत राहून अन्न चावत होती. येथे जिवंतपणीचे कर्म सिद्ध होते. मात्र त्यांतील काहीच दंतांत कृमिदंताची चिन्हे आहेत, म्हणून प्रत्येक छिद्र चिकित्सेसाठीच होते असे म्हणता येत नाही.

इनामगावची बालके

इनामगावची वस्ती सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील. माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे तिचे तीन कालखंड पडतात. तेथे दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांत बहुसंख्य अर्भके व लहान मुले आहेत. बालकास दोन मडक्यांत, तोंडास तोंड लावून आडवे ठेवलेल्या अवस्थेत, घराच्या जमिनीखालीच पुरले जाई. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे व दायमाबाद येथेही अशीच बालदफने सापडली आहेत. या सर्व अस्थींचा व दंतांचा सविस्तर अभ्यास सुभाष वाळिंबे व अमेरिकन अभ्यासक जॉन लुकाक्स यांनी केला; पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी बालकांच्या अस्थींच्या वाढीचे मापन करून २०११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

बालकाचे वय दंतोत्पत्तीवरून बऱ्यापैकी अचूक कळते, कारण कुपोषणाचा परिणाम दंतांच्या वाढीवर अस्थींच्या मानाने कमी होतो. दंतावरून दोन वर्षांचे ठरलेले मूल जंघास्थीच्या लांबीवरून किंवा जाडीवरून सव्वा वर्षाचे भासले, तर वाढ खुंटली होती हे उघड होते. उत्तर जोर्वे काळातील बालकांत अशा खुंटलेल्या वाढीची चिन्हे आढळली आहेत. याच काळात चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली आणि शेतीचा आधार क्षीण झाला. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. नंतरच्या अभ्यासकांनी केवळ पर्जन्यास दोष न देता लोकसंख्या व शेतीची पद्धती यांचाही विचार मांडला. सुमारे इ.स.पू. ७०० मध्ये वस्ती ओस पडली.

दंतांची साक्ष वैद्यास विशेष उपयुक्त आहे. अस्थी आयुष्यभर झिजते व नव्याने घडते. दंतवल्क मात्र एकदा तयार झाले की पुन्हा घडत नाही. ते घडत असताना मुलास व्याधी झाली किंवा उपासमार झाली, तर तेथे आडवी रेघ किंवा खळगा कायमचा राहतो. दुधाच्या सुळ्याचे वल्क गर्भावस्थेच्या उत्तरार्धापासून पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत घडते. म्हणून त्यावरील खळगा मातेच्या गर्भिणी अवस्थेचा आणि पहिल्या स्तन्यपानाच्या महिन्यांचा साक्षीदार होय. इनामगावच्या मुलांत असे खळगे आढळले. लुकाक्स व वाळिंबे यांनी १९९८ साली ते हवामान व उपजीविकेतील बदलांशी जोडून दाखविले. आपल्या चिकित्सालयात आलेल्या तीन वर्षांच्या मुलाचे सुळे पाहिल्यास हीच नोंद वाचता येते. गर्भिणीपरिचर्येचा आग्रह आपण का धरतो, याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होय.

तथापि येथेही घाई नको. बालदफने अधिक म्हणून बालमृत्यू भयंकर होते असे सरळ म्हणता येत नाही. ज्या समाजात जन्मच अधिक होतात, तेथे मृत्यूचे प्रमाण तेच असूनही पुरलेल्या बालकांची संख्या अधिक दिसते. सांगाड्यांच्या वयांचे वितरण पुष्कळदा मृत्यूपेक्षा जननाविषयीच अधिक सांगते.

बालाथलचा रुग्ण आणि 'कुष्ठ' शब्द

राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल येथे डेक्कन कॉलेजने वि. ना. मिश्र यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या उत्खननात एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा मिळाला. काळ सुमारे इ.स.पू. २०००. दगडी बंदिस्तीत, जळालेल्या गोमयाच्या राखेत तो पुरलेला होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रॉबिन्स, मिश्र, वसंत शिंदे आदी संशोधकांनी त्यात महाकुष्ठाची, म्हणजे आपण व्यवहारात ज्यास लेप्रसी म्हणतो त्या व्याधीची चिन्हे असल्याचे दाखविले. नासिकेच्या तळाचा कंटक व नासाविवराच्या कडा झिजलेल्या, वरच्या जबड्याचा पुढील भाग खचलेला आणि जंघास्थींच्या पृष्ठभागावर जीर्ण शोथाची नवास्थी, अशी ही चिन्हे होत. डेन्मार्कमधील मध्ययुगीन कुष्ठालयाच्या दफनभूमीतील सांगाड्यांवरून मोलर-क्रिस्टेन्सेन या वैद्याने हे मुखलक्षण विसाव्या शतकात सविस्तर वर्णिले होते. भारतातील लेप्रसीचा हा अस्थिगत पुरावा प्रसिद्ध झाला त्या वेळी सर्वांत जुना ठरला. पुढे २०१३ साली हडप्पा येथील सांगाड्यांतही लेप्रसी व क्षय यांची चिन्हे नोंदविली गेली.

वैद्याने हे वाचले की सुश्रुताचे निदानस्थान आठवल्यावाचून राहत नाही. कुष्ठ अस्थिमज्जागत झाले असता नासाभंग, नेत्रांची लाली, व्रणात कृमी व स्वरोपघात होतो, असे तेथे सांगितले आहे. नासिका बसणे आणि स्वर बिघडणे यांचे स्थान तेच, जेथे बालाथलच्या सांगाड्यात झीज आहे. हे साम्य खरोखरच लक्षणीय आहे आणि सुश्रुताच्या निरीक्षणशक्तीची साक्ष देते. परंतु त्यापुढे जाण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

प्रथम, बालाथलचा मनुष्य उपलब्ध सुश्रुतसंहितेच्या पुष्कळ शतके आधीचा आहे. त्याच्या अस्थी सुश्रुताने वर्णिलेली व्याधी प्राचीन असल्याचे दाखवितात. त्या काळी ती चिकित्सा होती असे दाखवीत नाहीत. दुसरे, आपल्या शास्त्रातील कुष्ठ ही संज्ञा व्यापक आहे. सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार होतात आणि त्यांत किटिभ, विचर्चिका, दद्रू अशा अनेक त्वग्विकारांचा अंतर्भाव आहे. यांतील बहुतेक अस्थीपर्यंत पोहोचतच नाहीत. तिसरे, नासिकेची अशी झीज इतर कारणांनीही होते : क्षय, काही बुरशीजन्य विकार आणि पुढे ज्याचा उल्लेख येईल तो फिरंगाचा वर्ग. म्हणूनच संशोधकांनी एका खुणेवर न विसंबता मुख व जंघा यांतील चिन्हे एकत्र पाहून, अन्य व्याधी एकेक करून वगळून निदान केले. व्यवच्छेदक निदानाची ही शिस्त आपल्या रुग्णपत्रिकांतही असावयास हवी.

खूण असणे म्हणजे दुबळे असणे नव्हे

१९९२ साली जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी अस्थींच्या विरोधाभासाविषयी एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्याचा आशय असा : दोन सांगाड्यांपैकी एकावर जीर्ण व्याधीच्या खुणा आहेत व दुसरा निर्दोष आहे, तर निरोगी कोण? आपण दुसऱ्यास निरोगी म्हणू. परंतु शक्यता अशीही आहे की, त्याच व्याधीने दुसरा काही दिवसांतच दगावला म्हणून अस्थीवर खूण उमटण्यास अवधीच मिळाला नाही. पहिल्याने मात्र वर्षानुवर्षे तिच्याशी झुंज दिली. आपल्या भाषेत सांगावयाचे तर जीर्ण खूण ही कित्येकदा व्याधिक्षमत्वाचे चिन्ह असते.

या एका विचाराने "पूर्वीचे सर्व निरोगी" आणि "पूर्वीचे सर्व रोगग्रस्त" ही दोन्ही विधाने डळमळतात. निर्दोष सांगाड्यांच्या संख्येवरून आरोग्याचा गौरव करता येत नाही आणि खुणांच्या संख्येवरून दुरवस्थेचे मापही काढता येत नाही.

फिरंग : जेथे ग्रंथ व अस्थी एकमेकांस तपासू शकतात

आपल्या किनाऱ्याशी निगडित असे एक उदाहरण येथे देणे उचित होईल. चरक व सुश्रुत यांत फिरंगरोगाचे वर्णन नाही. ते सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात येते आणि फिरंगी लोकांच्या संसर्गाशी त्याचा संबंध जोडला जातो. त्याच प्रकरणात चोपचिनीचा उपयोग सांगितला आहे. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला पोहोचले व १५१० साली त्यांनी गोवे घेतले, हे लक्षात घेता ग्रंथातील हा नवा अध्याय एका नव्या व्याधीची नोंद ठरतो. फिरंगाची जीर्ण अवस्था कपालास्थीवर खळगे व जंघास्थीस तलवारीसारखा बाक आणते. तेव्हा सोळाव्या शतकाआधीच्या भारतीय सांगाड्यांत ही चिन्हे नसतील, तर ग्रंथास पुष्टी मिळेल.

तथापि येथेही एक अडचण आहे. याच जंतुवर्गातील, परंतु मैथुनाने न पसरणारा यॉज नावाचा त्वग्रोग भारतातील काही आदिवासी भागांत दीर्घकाळ होता. भारत त्यापासून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मान्य केले. यॉजही जंघास्थीवर जवळजवळ तशाच खुणा ठेवतो. म्हणजे वाकलेली जंघास्थी पाहून फिरंग म्हणणे धोक्याचे. येथे ग्रंथ जे सांगतो ते अस्थी एकट्या सांगू शकत नाहीत, आणि अस्थी ज्याची खात्री करू शकतात ते ग्रंथ एकटा करू शकत नाही.

आपल्या मालवणच्या भूमीत

इतकी उदाहरणे घाटमाथ्यावरची व परप्रांतांची दिली. सिंधुदुर्गाचे एकही नाही, याचे कारण आपल्या भूमीच्या गुणधर्मात आहे. अस्थीतील खनिजभाग चुनखडीयुक्त, किंचित क्षारीय मातीत टिकतो. घोड व प्रवरा यांच्या काठच्या मातीत चुनखडी विपुल आहे, म्हणून इनामगाव व नेवासे येथे अर्भकांच्या नाजूक अस्थीही राहिल्या. बालाथलच्या सांगाड्याभोवतीची राखही क्षारगुणी. आपल्याकडे मात्र जांभ्याची आम्लधर्मी माती आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. या पाण्याने अस्थीतील खनिजे विरघळून जातात. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरील कातळशिल्पे २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील अन्य शिल्पांबरोबर नोंदली गेली. परंतु ती कोरणाऱ्या माणसांच्या अस्थी टिकाव्यात अशी माती त्या उघड्या सड्यावर नाही. त्यात दहनाची प्रथा. दहनाने पांढऱ्या झालेल्या अस्थींचे तुकडे आम्ल मातीत अधिक टिकतात, पण त्यांवरून रोगनिदान फारच थोडे होते.

अस्थी मिळाल्याच तर आहार कळण्याची एक रीत आहे. अस्थीतील कोलॅजेनमधील कार्बन व नायट्रोजन यांच्या जड-हलक्या रूपांचे प्रमाण मोजतात. समुद्रातील मासे खाणाऱ्याच्या अस्थीत दोहोंचेही जड रूप वाढते. ज्वारी-बाजरी खाणाऱ्याच्या अस्थीत मुख्यतः कार्बनचे वाढते. म्हणजे भात व बांगडा खाणारा दर्यावर्दी आणि भाकरी खाणारा घाटावरचा शेतकरी यांना ओळखता येणे तत्त्वतः शक्य आहे. त्यासाठी कोलॅजेन मात्र टिकलेले असावे लागते.

तरीही किनाऱ्यावर अस्थी मुळीच राहत नाहीत असे नव्हे. चुन्याच्या बांधकामाच्या आश्रयाने, शिंपल्यांच्या ढिगाऱ्यात, दगडी पेटीत त्या राहू शकतात. शेजारच्या जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागास मिळालेल्या एका हाताच्या अस्थीचे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत जनुकीय परीक्षण झाले. १६२४ साली शिराझ येथे मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवान यांचे ते अवशेष असावेत, या निष्कर्षास त्या परीक्षणाने बळ दिले आणि २०२१ साली भारताने ते जॉर्जियाकडे सुपूर्द केले. चारशे वर्षे जुन्या एका अस्थीने दोन देशांच्या इतिहासाचा धागा जुळविला, हे आपल्याच किनाऱ्यावर घडले आहे.

विहीर खणताना, रस्ता रुंद करताना किंवा चिऱ्याची खाण काढताना अस्थी निघाल्या, तर गावात पहिली विचारणा पुष्कळदा वैद्यास किंवा औषधालयात होते. अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात :

१. अस्थी उचलू नयेत, पाण्याने धुऊ नयेत व गोळा करून पोत्यात भरू नयेत. अस्थी कोणत्या थरात, कोणत्या दिशेने, कशासह होती यावरच निम्मे निदान अवलंबून असते.
२. काम थांबवून प्रथम पोलीस पाटील व पोलीस ठाण्यास कळवावे. अस्थी अलीकडच्या असतील तर तो कायद्याचा विषय आहे.
३. अस्थी प्राचीन वाटल्यास तहसील कार्यालयामार्फत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास कळवावे.
४. शक्य असल्यास जागेवरच, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे व दिनांक नोंदवावा.
५. दंतांवरील दंतशर्करा खरवडू नये. निदानस्थानातील ही दंतशर्करा अन्नाचे सूक्ष्म कण व मुखातील जंतूंचे अंश शतकानुशतके जपून ठेवते; आज ती संशोधनाचे मौल्यवान साधन आहे.
६. "हा अमुक रोगाने मेला" असे मत जागेवर देऊ नये. ग्रामस्थांच्या श्रद्धा व भय यांस त्यातून अकारण खतपाणी मिळते.

औषधालयचालकांसाठी विशेष

प्राचीनतेचा दाखला हा आपल्या व्यवसायाचा मोठा आधार आहे व तो रास्तही आहे. परंतु "चार हजार वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांनी कुष्ठ बरे केले, उत्खननाने सिद्ध झाले" अशा धर्तीचे वाक्य माहितीपत्रकावर आल्यास ते असत्य ठरते. बालाथलच्या सांगाड्यात व्याधी आहे. चिकित्सेचे चिन्ह नाही. शिवाय औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत कुष्ठ व क्षय या दोन्ही व्याधी समाविष्ट आहेत. त्या बरे करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. संवेदना नष्ट झालेला डाग किंवा हातापायांतील बधिरता घेऊन रुग्ण काउंटरवर आला, तर त्यास लेप देऊन परत न पाठविता शासकीय आरोग्य केंद्राकडे पाठवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतात आणि वेळीच आरंभ केल्यास नासिका व बोटे वाचतात. बालाथलच्या मनुष्याचा व्याधी अस्थीपर्यंत पोहोचला. आजच्या रुग्णाचा तसा पोहोचू नये, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.

निष्कर्ष

अस्थी हे प्रत्यक्ष आहे, पण अपुरे. त्यावरून रोगाचे ज्ञान हे अनुमान आहे, आणि अनुमान युक्तीने व आप्तवचनाने तपासून घ्यावे लागते. इनामगावच्या बालकांच्या दंतांनी, बालाथलच्या झिजलेल्या नासिकेने व हडप्पाच्या सांगाड्यांनी इतके निर्विवाद दाखविले आहे की, आपले पूर्वज रोगमुक्त नव्हते. त्यांनाही अपपोषण, जीर्ण संसर्ग व आघात सोसावे लागले. यात आपल्या शास्त्रास कमीपणा नाही. रोगांनी गांजलेल्या माणसांमध्ये राहून, त्यांचे सूक्ष्म निरीक्षण करून ज्यांनी निदानस्थान रचले, त्यांचे श्रेय यामुळे अधिकच उजळते. रुग्णाने पुढच्या वेळी "पूर्वी रोग नव्हते" असे म्हटल्यास त्यास इनामगावच्या दुधाच्या सुळ्याची गोष्ट सांगावी आणि घरातील गर्भिणीच्या आहाराची चौकशी करावी.